आवाजाबरोबर घरही वाढतं

वाद दोन रेकॉर्डिंगवरून पेटला. एक यमनचा आलाप आणि पुढे बंदिश, फक्त तानपुऱ्यावर. दुसरं कराओके ट्रॅकवर गायलेलं एक जुनं भावगीत. दोन्ही माझ्या लेकीनं तिच्या खोलीत केलेली. सामान म्हणजे लॅपटॉप, छोटासा ऑडिओ इंटरफेस आणि स्वस्तातला कंडेन्सर माइक. ऐकणारा तिचा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ. टेपच्या काळापासून मुंबईच्या स्टुडिओंत रेकॉर्डिस्ट म्हणून बसलेला, आता निवृत्त होऊन आमच्याच पेठेत राहायला आलेला. मी दोघांच्या मधे. बोलणं झालं तसं देते आहे. दोघं आकड्यांत फार शिरली तिथे थोडं माझ्या शब्दांत सांगते, आणि राहवलं नाही तिथे मतही देते.

मामा: गळा छान लागलाय. पण तुझ्या आधी मला पंखा ऐकू येतोय.

भाची: एकवर होता रे. मे महिन्यात बंद करून गाऊन दाखव.

मामा: एकवरचा पंखा एवढा वाजत नाही. तो तू वाजवलायस. काय काय लावलंयस ते दाखव बघू.

भाची: विशेष काही नाही. ईक्यूत 80 हर्ट्झच्या खालचं काढून टाकलंय. 3 किलोहर्ट्झला 4 डेसिबल वाढवलेत, शब्द पुढे यावेत म्हणून. 10 किलोहर्ट्झच्या वर 6 डेसिबल, जरा चमक यावी म्हणून. मग कॉम्प्रेसर. थ्रेशोल्ड उणे 24, रेशो चारास एक, आणि शेवटी 12 डेसिबल मेकअप गेन.

मामा: हा हिशेब कुठला?

भाची: बायकांच्या आवाजासाठी तयार प्रीसेट असतं, त्यात थोडा फेरफार केला. सगळेच करतात.

मामा: प्रीसेट करणाऱ्यानं तुझा गळा ऐकला होता? ही खोली पाहिली होती? बरं, ते राहू दे. कॉम्प्रेसर काढून कच्चं ऐकव. मंद्रातल्या ओळीचं मीटर किती?

भाची: उणे 26च्या आसपास.

मामा: आणि तार षड्जाला?

भाची: उणे 8.

मामा: म्हणजे 18 डेसिबलचा उतार-चढाव. गुरूनं इतकी वर्षं घोटून घेतला तो हाच. आता तुझ्या मशीननं त्याचं काय केलं ते मांड. उणे 24च्या वर जेवढं जाईल त्याचा चौथा हिस्सा ठेवायचा. तार षड्ज 16 डेसिबल वर गेला होता, त्यातले 4 उरले. आला उणे 20वर. मंद्र उणे 26वर होता तिथेच. अठराचे सहा झाले.

भाची: तेच तर हवं होतं! फोनवर ऐकणाऱ्याला मंद्र ऐकूच येत नाही, आणि तार षड्जाला तो आवाज कमी करायला धावतो.

मामा: धावू दे की. तार षड्ज आला हे त्याला कळलं तरी!

इथे मला थोडं बोलायला हवं, कारण दादाचा मुख्य मुद्दा हा नव्हताच. तो मुद्दा होता शेवटच्या 12 डेसिबलचा. कॉम्प्रेसर मोठा आवाज खाली दाबतो. दाबल्यावर सगळंच बारीक होतं, म्हणून मग सगळंच वर उचलायचं, तो मेकअप गेन. उचलताना कॉम्प्रेसर गाणं आणि घर यांत फरक करत नाही. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळींच्या मधे पंखा उणे 60वर होता, तो उणे 48वर आला. स्वर थांबल्यावर भिंतींवरून परत येणारी त्याची शेपटी आली. हेडफोनमधून झिरपणारा तानपुरा आला, तोही गमतीदार पद्धतीनं: ती गात असताना दबलेला, ती थांबली की फुगत वर येणारा. लिफ्टचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं, लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई दार बंद करायची विनंती करत होती, तीही आली. चांगल्या स्टुडिओत कॉम्प्रेसर लावला की गायकाचा हळू आवाज जवळ येतो, कारण तिथे त्या हळू आवाजाच्या खाली फारसं काही नसतंच. घरी लावला की आधी घर जवळ येतं. म्हणून घरच्या रेकॉर्डिंगवर किती कॉम्प्रेशन चालेल हे आवडीनिवडीवर ठरत नाही, खोली किती शांत आहे त्यावर ठरतं. या वादात पुढे दोघंही बरंच हरली-जिंकली, पण हे वाक्य शेवटपर्यंत टिकलं.

भाची: म्हणजे स्टुडिओचं भाडं परवडत नसेल त्यानं रेकॉर्ड करूच नये?

मामा: असं मी म्हटलं नाही. नैसर्गिक आवाज आहे तो तसा राहू दे, एवढंच म्हणतो.

भाची: नैसर्गिक? मामा, 1902 साली कोलकात्यात गौहरजाननं रेकॉर्ड दिली तेव्हा माइकही नव्हता, कर्णा होता. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं 1925 नंतर. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि जोराची तान आली की मान मागे घ्यायची. ते काय होतं? मानेनं केलेलं कॉम्प्रेशन! तीन मिनिटांत ख्याल बसवला, तेही कॉम्प्रेशनच म्हण हवं तर.

मामा: शेवटचं वाक्य सोडलं तर मुद्दा बरा आहे.

भाची: आणि तुझी टेप? लेव्हल जरा वर गेली की टेप स्वतःच कडा गोल करायची. तुम्ही त्याला टेपची ऊब म्हणायचात. रेडिओचं तर विचारूच नकोस. मीडियम वेव्हवर आवाज मर्यादेबाहेर गेला की फाटतो, म्हणून ट्रान्समीटरच्या आधी लिमिटर बसवावाच लागतो. तुमची अख्खी पिढी लिमिटरमधून गाणं ऐकत वाढली आणि आता मला नैसर्गिक आवाज सांगतेय.

दादा गप्प झाला. मला वाटतं, या फेरीत पोरीनं बाजी मारली. लिमिटर-कॉम्प्रेसरचा जन्मच मुळी प्रक्षेपणाच्या गरजेतून झाला. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो नंतर रुळला. आज लॅपटॉपवर ज्यांच्या नकला फुकटात मिळतात ती यंत्रं 1960च्या दशकातली. जिम लॉरेन्स या अभियंत्याचा एलए-2ए: आवाज वाढला की आतला एक छोटा पडदा उजळतो, त्या उजेडानं शेजारचा प्रकाशसंवेदी रोधक बदलतो आणि आवाज खाली धरला जातो. उजेड गेला तरी रोधक पूर्ववत व्हायला वेळ लागतो म्हणून त्याची पकड सावकाश, मऊ. दुसरा 1967चा, बिल पुटनम यांचा 1176: ट्रान्झिस्टरचा, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी आवाज धरणारा. दादाला दोन्ही माहीत.

मामा: कबूल. मशीनं आमच्याकडेही होती. पण आमचा खरा कॉम्प्रेसर हे बोट होतं. गायकाच्या समोर काचेआड बसायचं, डोळे त्याच्या तोंडावर, बोट फेडरवर. तो वर जाणार हे श्वासावरून कळतं. तेव्हाच अर्धा-एक डेसिबल खाली. मंद्राला हळूच वर. मशीन उरल्यासुरल्याला.

भाची: मी एकटी आहे. मीच काचेच्या दोन्ही बाजूंना.

मामा: मग बोटाचं काम गाऊन झाल्यावर कर. आता तर सोपं आहे. ओळी सुट्या करायच्या, ज्या ओळीला हवं तिथे गेन हातानं कमी-जास्त. पण त्याच्याही आधी खोली. ही मंद्र पंचमाची ओळ परत लाव. ऐकलंस? पंचम आला की ढोल वाजल्यासारखं होतंय.

भाची: ते मला माहीत आहे. म्हणून 155 हर्ट्झला 8 डेसिबलचा खड्डा मारलाय. अरुंद टोकदार पट्टा 12 डेसिबलनं वर घ्यायचा, खालपासून वरपर्यंत फिरवायचा, कुठे घाण वाजतं ते शोधायचं आणि तिथे कापायचं.

मामा: 12 डेसिबल वर केल्यावर घाण वाजणार नाही असा एक तरी आकडा दाखव मला. त्या युक्तीनं लोकांनी चांगल्या गळ्यांच्या चाळण्या केल्यात. आमच्याकडे ठरावीक जागांचे खटके होते. नाइलाजानं आधी कानानं ऐकायचो.

हवी ती फ्रिक्वेन्सी, हवी तेवढी रुंदी आणि हवा तेवढा उतार निवडता येणारा पॅरामेट्रिक ईक्यू जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 1972 साली मांडला. दादाची तक्रार त्याच्यावर नाही. सोय झाली की हात चालतो आणि कान थांबतो, यावर आहे. मात्र या वेळी पोरीनं पकडलेला आकडा अचूक होता. चुकलं होतं ते वेगळंच.

मामा: तुझी पट्टी?

भाची: काळी चार.

मामा: सा 208, त्याचा मंद्र पंचम 156. आई, टेप आण गं तुझी शिवणाची. [घरात सगळे मलाच ‘आई’ म्हणतात, दादासुद्धा.] खोली लांबीला किती भरते? 11 फूट. बघ आता. 11 फुटांच्या दोन भिंतींमधे जी लहर नेमकी बसते ती 52 हर्ट्झच्या आसपास. तिची दुप्पट 103, तिप्पट 155. तुझा पंचम या खोलीच्या तिपटीवर येऊन बसलाय. तो गळ्याचा दोष नाही आणि माइकचाही नाही. माइक भिंतीपासून किती लांब होता?

भाची: साडेतीन-पावणेचार फूट.

मामा: तरीच! ही तिप्पट जी आहे ती भिंतींशी फुगते आणि लांबीच्या एक-तृतीयांशावर, दोन-तृतीयांशावर फुगते. 11चा तिसरा हिस्सा किती? तू बरोब्बर ढोलात माइक ठेवलास. मधोमध, साडेपाच फुटांवर आण, तिथे ती जवळजवळ नाहीच.

माइक दोन फूट सरकवला. तीच ओळ पुन्हा गायली गेली. आता पंचम इतर स्वरांच्या रांगेत होता आणि 155चा खड्डा बुजवता आला. हे मी कानांनी ऐकलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. मधोमध बसलं की दुप्पट, म्हणजे 103, फुगते हे खरं; पण तिच्या गळ्यात तिथे स्वरच नाही. 156च्या खाली ती जातच नसल्यानं दादानं हाय-पासही, म्हणजे ज्याच्या खालचं कापायचं तो आकडा, 80वरून 100वर नेला. भारतातल्या विजेची घरघर 50 हर्ट्झवर असते, तिचाही त्यात बराच बंदोबस्त झाला.

दादा एवढ्यावर थांबला असता तर संवाद एकतर्फी झाला असता. पण त्यानं माइकपासूनचं अंतर सांगायला घेतलं.

मामा: आणि माइकपासून दीड फूट लांब बस. ख्यालाला तेवढं हवं. आवाज हवेत उमलतो, मग माइकमध्ये जातो.

भाची: तुझ्या स्टुडिओत. इथे दीड फुटावर आवाज उमलेपर्यंत खोली त्यात येऊन मिसळते. अंतर निम्मं केलं की माझा आवाज माइकवर 6 डेसिबलनं वाढतो. पंखा आणि भिंती आहेत तिथेच राहतात. दीड फुटावरून नऊ इंचांवर आले की 6 डेसिबल फुकट. हे कुठलाच प्लगइन देत नाही.

मामा: जवळ आलीस की बेस फुगतो.

भाची: हो, फुगतो. एका दिशेनं ऐकणारे माइक असेच असतात. मग 200च्या आसपास 3 डेसिबल रुंद उतार दिला की झालं. मामा, हा ईक्यू खोलीचा दोष लपवायला नाही. जवळ येण्याची किंमत आहे ती. खोलीचा घुमारा ईक्यूनं निघत नाही, कारण तो वेळेत पसरलेला असतो. बेस निघतो. मग न निघणारं टाळायचं आणि निघणारं घ्यायचं, नाही का?

मामा: (थोडा वेळ थांबून) हे मी कुणाला सांगितलं नव्हतं कधी. गरजच पडली नव्हती.

माझ्या मते पोरीचं ते ‘न निघणारं टाळायचं’ हे अख्ख्या संध्याकाळीतलं सर्वांत कामाचं वाक्य. घरी रेकॉर्ड करणारे बहुतेक जण आधी लांब बसतात, मग ईक्यूनं खोली काढायला बघतात. 300-400 हर्ट्झच्या आसपास कापत जातात, कारण छोट्या खोलीचा गढूळपणा तिथे जाणवतो. कापून-कापून आवाज पातळ होतो आणि खोली राहतेच. त्यापेक्षा जवळ येणं बरं. डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही असं जे म्हणतात, त्यातही निम्मं श्रेय जवळ येण्याचंच. तो माइक ओठांशी धरल्याशिवाय पुरेसा आवाज देत नाही, म्हणून लोक आपोआप जवळ गातात.

गोधडीचंही तसंच. घुमारा कमी व्हावा म्हणून पोरीनं एक गोधडी माइकच्या मागच्या भिंतीवर टांगली होती. या माइकला पाठीमागचं फारसं ऐकूच येत नाही. तो गाणाऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याला लख्ख ऐकू येते. गोधडी तिच्या पाठीमागे गेली. एक गोधडी वरच्या झणझणाटाला आवरते, 155च्या ढोलाला मुळीच नाही. गादी उभी केली तर थोडंफार.

मामा: पण जवळ बसण्यात एक मेख आहे. दीड फुटावर तू अर्धा फूट मागे गेलीस तर अडीच डेसिबलचा फरक. नऊ इंचांवर तेवढंच मागे गेलीस तर चारच्या वर. आणि तू गाताना हलतेस. हात, मान, सगळं. ख्यालात हलायला हवंच.

भाची: म्हणून तर कॉम्प्रेसर हवा!

मामा: किंवा स्थिर बसून भावगीत गायला हवं.

भाची: भावगीतावर बोलू मग. त्यात मला अजून एक कळत नाहीये. ‘भ’ आला की पुढचा स्वर बुडतो. ‘प’लाही कधीकधी.

मामा: ईक्यू आधी आहे की कॉम्प्रेसर?

भाची: भावगीताला कॉम्प्रेसर आधी.

मामा: मग बरोबर. ‘भ’बरोबर हवेचा झोत येतो, तो माइकच्या पडद्यावर आदळला की खालच्या फ्रिक्वेन्सीचा धक्का. आपल्या कानाला तो धक्का फारसा जाणवत नाही, कॉम्प्रेसरला जाणवतो. तो दाबतो, आणि सोडेपर्यंत पुढचा स्वर दबलेला. कापायचा ईक्यू आधी, कॉम्प्रेसर नंतर, वाढवायचं असेल ते सर्वांत शेवटी. आणि माइक तोंडासमोर नको, नाकाच्या उंचीला, जरा तिरका. झोत खालून निघून जाईल. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे.

भाची: आणि ‘स’ टोचतो.

मामा: ‘स’च नाही. ‘चाफा’तला ‘च’ ऐक. ‘माझा’तला ‘झ’ ऐक. जिभेचं टोक दातांमागे लागून ते निघतात, त्यात वाऱ्याची सुरी असते. तुझं प्रीसेट बनवणाऱ्याला हा ‘च’ बहुधा माहीतच नसेल. तू 10 किलोच्या वर 6 वाढवलेस. स्वस्त कंडेन्सर माइक वरच्या बाजूला मुळातच उजळ असतात. उजेडावर उजेड.

भाची: डी-एसर लावू?

मामा: आधी तो 6 काढ, मग विचार.

काढला. डी-एसर लागला, पण जेमतेम. 6-7 किलोहर्ट्झच्या आसपास, दोन-तीन डेसिबल, तेही मोजक्या शब्दांवर. जास्त लावला की गाणारी बोबडी वाटायला लागते.

यानंतर दादानं जी परीक्षा घेतली ती घरी रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकानं घ्यावी. माणसाच्या कानाला जे थोडंसं मोठं ते चांगलं वाटतं. प्लगइन सुरू केलं की आवाज सहसा वाढतो, म्हणून प्रत्येक प्लगइन सुरू केलं की आवाज सुधारल्यासारखा वाटतो. दादानं कॉम्प्रेसर लावलेलं आणि न लावलेलं अशी भावगीताची दोन रूपं करायला सांगितली, लाउडनेसच्या मीटरवर दोन्ही सारखी. बटण माझ्या हातात, दोघांची पाठ माझ्याकडे. कॉम्प्रेसरही आता चारास एकचा नव्हता. मोठ्या ओळी आधी हातानं उतरवल्या होत्या, त्यामुळे टोकं उणे 12वर आली होती. मग थ्रेशोल्ड उणे 18, रेशो दोनास एक, म्हणजे जोराच्या जागी जेमतेम 3 डेसिबल दाब. अटॅक, म्हणजे पकडायला लागणारा वेळ, 20 मिलिसेकंद, ‘क’ आणि ‘त’ची धार निसटून पुढे जावी म्हणून, 1 मिलिसेकंदावर ठेवला तर व्यंजनं बोथट होतात. रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा वेळ, 150 मिलिसेकंदाच्या आसपास. रिलीज फार तोकडा ठेवला तर प्रत्येक श्वास उडी मारून वर येतो, आणि मंद्रात, जिथे एका कंपनालाच सहा-साडेसहा मिलिसेकंद लागतात, तिथे स्वर खरखरतो.

दादानं दुसरं रूप निवडलं. ‘यात शब्द ट्रॅकखाली बुडत नाहीत,’ म्हणाला. ते कॉम्प्रेसरचं होतं.

भाची: मामा!

मामा: बरं, बरं. ट्रॅक आधीच दाबून-दाबून सपाट केलेला आहे. त्याच्यावर मोकळा आवाज ठेवला तर अर्धी ओळ वर, अर्धी खाली. तिथे लावावाच लागतो. मी म्हणत होतो ते आलापाचं.

भाची: मघाशी नाही म्हणालास तू ‘आलापाचं’.

मामा: आता म्हणतोय.

3 किलोहर्ट्झच्या त्या 4 डेसिबलचं काय झालं? लाउडनेस सारखा केल्यावर त्यांच्यासह गाणं दोघांनाही कर्कश वाटलं. दीड उरले. शेवटची पातळी किती ठेवायची यावर पोर उणे 9 म्हणत होती, इतरांच्या शेजारी आपलं गाणं बारीक वाटू नये म्हणून. पण यूट्यूब उणे 14 एलयूएफएसच्या (हे लाउडनेसचं माप) वरचं गाणं स्वतःच खाली आणतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त दाबलेलं उरतं. हे तिलाच ठाऊक होतं, दादाला नव्हतं, आणि त्याला ते ऐकून फार आनंद झाला.

आलापावर मात्र मिटलं नाही.

भाची: आलापालाही हलकासा लावते ना. दीडास एक. बसमध्ये फोनवर ऐकणाऱ्याला मंद्र मिळायला नको का?

मामा: फोनच्या स्पीकरवर 156 वाजतच नाही, बाई. त्याच्या वरचे स्वरांश वाजतात, त्यावरून कान पंचम ओळखतो. कॉम्प्रेसरनं त्यात काय होणार?

भाची: तेच स्वरांश वर येतील. आणि कण. तू म्हणतोस कॉम्प्रेसर बारकावे मारतो. उलट, गंधाराला लावलेला बारीक कण आता ऐकू येतो, आधी मलाही येत नव्हता.

मामा: कण मुळात ऐकू न येण्याएवढाच लावायचा असतो कधीकधी. आणि तुझी ती मींड, निषादावरून पंचमाकडे उतरताना तू आवाज हळूहळू सोडत आणलायस, तिथे मशीनचा दाब सुटत जातो. तू सोडतेस, ते भरतं. तू म्हणतेस ‘जाते’, ते म्हणतं ‘थांब’.

भाची: मग ती ओळ हातानं कमी करते.

मामा: मग सगळीच हातानं कर. आवाजाची रेघ ओढ ओळीओळीला.

भाची: म्हणजे हातानं केलं की कला आणि मशीननं केलं की पाप?

मामा: हातानं करताना तुला पुढची जागा ठाऊक असते. मशीनला फक्त मागचं ठाऊक असतं.

भाची: हल्ली पुढचंही बघतं. लुकअहेड असतो.

मामा: किती पुढचं?

भाची: पाच-दहा मिलिसेकंद.

मामा: आणि मींड किती लांब आहे?

भाची: चारेक सेकंद.

मामा: मग?

भाची: मग काय? तुझ्या बोटाला चार सेकंदांचं आधी कळायचं कारण समोर कुणीतरी श्वास घेत होतं. मी रेघ ओढेन तेव्हा माझ्यासमोर स्क्रीनवरचा आलेख असेल. मी आलेख बघून रेघ ओढणार. कानानं नाही, डोळ्यानं. ते बरं की कॉम्प्रेसर बरा?

दादाकडे याला उत्तर नव्हतं. ‘स्क्रीन बंद करून ओढ’ असं काहीतरी पुटपुटला. मला विचाराल तर आलापाला मी हातच लावणार नाही: माइक मधोमध, फूटभर अंतर, पाठीमागे गोधडी, हाय-पास 100, बस्स. फोनवर मंद्र नाही आला तर ऐकणाऱ्यानं हेडफोन लावावेत. पण रेकॉर्डिंग माझं नाही. पोरीनं भावगीत दोनास एकवर पक्कं केलं. आलापाच्या दोन फाइली करून ठेवल्या आहेत, एक दीडास एकची आणि एक हातानं रेघ ओढलेली. रेघ ओढायला तिला जेवणापर्यंतचा वेळ लागला आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ती अजून निषादाशी चुकलेली आहे.